बेडपासून किती लांब? एका आयसीयू सिस्टरच्या पुढच्या शिक्षणाचं प्रकरण

वॉर्डात आम्ही एकमेकींना नावाने फारशी हाक मारत नाही. 'सिस्टर' म्हटलं की चार माना वळतात आणि जिच्या बेडकडे बोट असेल ती धावते. या प्रकरणातल्या बाईलाही मी सिस्टरच म्हणणार आहे. हे लिहायला तिची हरकत नाही. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत, रुग्णालयाचं आणि कॉलेजचं नाव बाहेर ठेवलं आहे. पैशांचे आकडे मात्र तिच्या वहीतलेच आहेत.

मी पुण्यात नर्सिंग शिकवते. पाठ्यनिर्देशिका म्हणून सुरुवात केली, त्याला वीसेक वर्षं झाली. दर वर्षी प्रवेशाच्या दिवसांत पाच-दहा सिस्टर भेटायला येतात किंवा फोन करतात. प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, पुढे काय करू?" बहुतेकींना मी दहा मिनिटांत उत्तर देते. हिला दिलेल्या उत्तरातलं निम्मं चुकलं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सिरिंज बदलण्याची गोष्ट

२०१६ मध्ये आमच्या विद्यार्थिनींची पोस्टिंग एका खाजगी रुग्णालयाच्या आयसीयूत होती. मी राउंडला गेले तेव्हा एक सिस्टर माझ्या दोन विद्यार्थिनींना ठरलेल्या वेगाने औषध सोडणाऱ्या सिरिंज पंपाजवळ उभं करून दाखवत होती. नॉरॲड म्हणजे पडलेलं बीपी धरून ठेवणारं औषध. त्याची सिरिंज संपत आली की पंप बंद करून नवी लावायची नाही. आधी शेजारच्या पंपावर नवी सिरिंज चालू करायची आणि नजर बीपीवर ठेवायची. ते किंचित वर सरकायला लागलं की मगच जुनी हळूहळू बंद करायची. एका मुलीने विचारलं, असं का? सिस्टर म्हणाली, "बंद केलंस तर बीपी पडतं. मी पाहिलंय."

ती जे करत होती त्याला डबल पंपिंग म्हणतात. कारण साधं आहे. नॉरॲडचा असर मिनिट-दोन मिनिटांत ओसरतो. नवी सिरिंज कमी वेगावर चालू केली तर तिचा दट्ट्या पंपाच्या पकडीत नीट बसून औषध खरोखर नळीतून पुढे सरकायला वेळ लागतो. त्या मधल्या वेळात पेशंटला काहीच मिळत नाही. मी एम.एस्सी. झालेली. औषधाचा डोस, परिणाम, दुष्परिणाम हे सगळं मी फळ्यावर लिहून शिकवायची. सिरिंज बदलायची कशी, हे मी कधी शिकवलं नव्हतं. आणि हिला ते हातात होतं, पण 'का' विचारलं की उत्तर "मी पाहिलंय" इथेच थांबत होतं.

आमच्या दोघींमधलं हे अंतर पुढच्या सगळ्या प्रकरणात आहे.

नोटीस

सिस्टर मूळची इंदापूर तालुक्यातली. बारावी कला शाखेतून, २००४. पुढे सोलापूरला जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा. तेव्हा तो अभ्यासक्रम साडेतीन वर्षांचा होता. २००९ मध्ये पुण्यात आली आणि तेव्हापासून एकाच रुग्णालयात, एकाच आयसीयूत. लग्न झालं, धायरीत दोन खोल्यांचं घर झालं. नवरा चाकणला कंपनीत, शिफ्टमध्ये. मुलगा तेव्हा पहिलीत.

२०१७ च्या उन्हाळ्यात पंचिंग मशीनशेजारी कागद लागला. आयसीयू इन्चार्जचं पद भरायचं आहे, पात्रता बी.एस्सी. नर्सिंग किंवा जीएनएमनंतर करायची पोस्ट बेसिक बी.एस्सी. रुग्णालयाची मानांकनाची तयारी चालू होती आणि प्रत्येक पदापुढे नीटनेटकी पात्रता लिहायची होती. पद मिळालं ते चोवीस वर्षांच्या, दोन वर्षं अनुभव असलेल्या मुलीला. ती मुलगी हुशार होती, हे सिस्टर आजही मान्य करते. पण तिला पहिला एबीजी (धमनीतल्या रक्ताचा तपासणीचा नमुना) काढायला सिस्टरनेच हात धरून शिकवला होता. आता सिस्टरची रजा मंजूर करायची सही तिची.

दोन आठवड्यांनी सिस्टर माझ्या कॉलेजच्या दारात उभी. हातात प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सगळी सर्टिफिकेटं. म्हणाली, "मॅडम, मला इन्चार्ज व्हायचंच आहे असं नाही. पण मला कागद नाही म्हणून कुणी मागे ठेवलेलं मला नको."

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं नाही. मी 'इन्चार्ज व्हायचं आहे' एवढंच ऐकलं.

हातात काय काय होतं

आम्ही दोघींनी कॅन्टीनमध्ये बसून तिच्या वहीत पाच रस्ते लिहिले.

पहिला, सरकारी नोकरी. राज्याच्या अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) पदाला जीएनएम चालतं. सातव्या वेतन आयोगात या पदाचं मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू झालं. खाजगीतल्या बहुतेक जणींना हा आकडा स्वप्नवत वाटतो. शिवाय शासकीय सेवेत अध्ययन रजा असते. पुढे शिकायला जा, नोकरी शाबूत. खाजगीत राजीनामा हीच रजा. पण जाहिरात कधी निघेल ते आपल्या हातात नाही, खुल्या प्रवर्गाला वयाची अट ३८, आणि नेमणूक राज्यात कुठेही. सिस्टर म्हणाली, "फॉर्म भरत राहीन. त्याच्या भरवशावर बसणार नाही." ते शहाणपणाचं होतं.

दुसरा, परदेश. तिच्या बरोबरच्या दोघी आखातात गेल्या होत्या. मुलगा सहा वर्षांचा. या रस्त्यावर आम्ही दोन मिनिटंही घालवली नाहीत. आता जर्मन शिकणाऱ्या सिस्टर प्रत्येक वॉर्डात दिसतात, पण ते नंतरचं.

तिसरा, एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा. नोंदणीकृत परिचारिकेला अनुभवानंतर करता येतो. अतिदक्षता, शस्त्रक्रियागृह, कर्करोग, नवजात शिशू, न्यूरो, मानसोपचार, आपत्कालीन सेवा अशा शाखा आहेत आणि शिकायचं बहुतांशी वॉर्डातच. तिच्या कामाला सगळ्यात जवळचा हाच होता. अभ्यासक्रमाची पानं तिने उभ्या उभ्या वाचली आणि तिचा चेहरा खुलला, हे मला स्पष्ट आठवतं. मीच तिला परतवलं. डिप्लोम्याने पदवी मिळत नाही, एम.एस्सी.चं दार उघडत नाही, आणि एचआरच्या तक्त्यात 'पदवी' असा रकाना असतो, 'अतिदक्षतेत एक वर्ष निष्णात झाली' असा नसतो. यातलं एकही विधान खोटं नव्हतं. तरीही त्या दिवशी मी तिला एचआरच्या तक्त्यातून पाहिलं, याची चुटपुट आहे.

चौथा, इग्नू या मुक्त विद्यापीठाची पोस्ट बेसिक पदवी. नोकरीत असलेल्या जीएनएम परिचारिकांसाठी, दोन वर्षांचा अनुभव हवा, किमान तीन वर्षं लागतात. जागा मोजक्या आणि प्रवेश परीक्षा. तिने ती दिली. नंबर लागला नाही.

पाचवा, नियमित पोस्ट बेसिक बी.एस्सी. दोन वर्षं, पूर्णवेळ. बारावी कोणत्याही शाखेची चालते. ही गोष्ट अनेक जणींना माहीत नसते. चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगला विज्ञान शाखा लागते, त्यामुळे आपल्यासाठी पदवीचं दार कायमचं बंद झालं अशी त्यांची समजूत असते. कला शाखेची बारावी, मग जीएनएम, मग पोस्ट बेसिक हा रस्ता सरळ आणि कायदेशीर आहे.

एक सहावा रस्ताही होता. तो आमच्या वहीत नव्हता, तिच्या फोनवर आला होता. एका एजंटचा मेसेज, परराज्यातलं कॉलेज, 'हजेरीची चिंता नको, फक्त परीक्षेला या'. नोकरी सोडावी लागणार नाही. मोह पडण्यासारखंच होतं आणि तिच्या ओळखीतल्या एकीने तसं केलंही होतं. मी तिला एवढंच विचारलं की ही पदवी महाराष्ट्र परिचर्या परिषदेत अतिरिक्त पात्रता म्हणून नोंदवायला गेलीस आणि त्यांनी विचारलं की त्या दोन वर्षांत तुझ्या पगाराच्या स्लिपा पुण्याच्या कशा, तर काय सांगशील? परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते आणि क्लिनिकल तास शंभर टक्के भरल्याशिवाय पदवी हातात पडू नये, असा नियम आहे. असं कॉलेज काढणाऱ्यांवर माझा राग आहेच. पण त्याहून जास्त राग अशी पदवी तोंडदेखली मान्य करून पगारात हजार रुपये वाढवणाऱ्या व्यवस्थापनांवर आहे. ती व्यवस्थापनं आहेत म्हणून तो एजंट आहे.

धायरीचा हिशेब

तिने पाचवा रस्ता धरला. तेव्हा तिचा पगार १९,५००. दोन वर्षं बिनपगारी म्हणजे ४,६८,०००. फी वर्षाला ८५,०००, म्हणजे १,७०,०००. एकूण ६,३८,०००. हा आकडा तिने वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

नवरा नाही म्हणाला नाही. त्याने विचारलं, "दोन वर्षांनी पगार किती होईल?" ती म्हणाली, "माहीत नाही." तो म्हणाला, "मग कर्ज घेऊन नको. जमेल तसं काढू." सासूबाईंचा प्रश्न वेगळाच होता. "सकाळी आठला कॉलेज म्हणजे डबा कोण करणार?" पण त्यांनीच शेजारच्या बायकांची भिशी पहिल्या नंबरावर उचलली आणि पहिल्या वर्षाच्या फीचे पंचेचाळीस हजार त्यातून आले. डबा शेवटपर्यंत सिस्टरनेच केला, पहाटे पाचला उठून. सासूबाईंनी पैसे दिले पण स्वयंपाकघर घेतलं नाही. तिच्या बोलण्यात याची तक्रार कधी आली नाही. मीच ती इथे लिहिते आहे.

पुण्यात ही घासाघीस नवी नाही. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये इथे सेवासदन सुरू केलं आणि पुढे ससूनमध्ये परिचर्येचं शिक्षण घेणाऱ्या बायकांच्या राहण्याची सोय केली, तेव्हाही खरा प्रश्न वर्गातल्या जागेचा नव्हता, घर सोडून बाईने शिकायला जायचं कसं याचाच होता.

शनिवारची रात्र तिने धायरीजवळच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये कामाला दिली, नाइटला ७०० रुपये. रविवारी दुपारपर्यंत झोप, मग मुलाचा अभ्यास. दोन वर्षांत त्यातून पासष्टेक हजार आले. हे करू नकोस, असं मी शिक्षिका म्हणून सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. फी कुठून आली असती?

वर्गातली दोन वर्षं

पहिल्या वर्षाला सूक्ष्मजीवशास्त्र, पोषणशास्त्र, जीवरसायन व जीवभौतिकी, मानसशास्त्र, माता व बालआरोग्य, मेडिकल-सर्जिकल आणि वर इंग्रजी. वर्गातल्या बाकीच्या तिच्याहून सात-आठ वर्षांनी लहान. पहिल्या चाचणीत मेडिकल-सर्जिकलचा प्रश्न होता, शॉकमधल्या रुग्णाची परिचर्या. आठ वर्षं जी बाई रोज तेच करत होती तिला पंधरापैकी सहा मिळाले. मी पेपर पाहिला. तिने काय करायचं ते क्रमाने, अचूक, अगदी तीन ओळींत लिहिलं होतं. कारणं लिहिली नव्हती. शेजारच्या मुलीने दोन पानं कारणं लिहिली होती आणि पेशंटचे पाय आधी उचलायचे की आधी ऑक्सिजन लावायचा याचा पत्ता नव्हता. तिला अकरा मिळाले.

यावर उपाय म्हणून मी तिला वर्गात उभी करायला लागले. ती प्रसंग सांगायची, मुली कारण शोधायच्या. एकदा ती पुन्हा नॉरॲडच्या सिरिंजची गोष्ट सांगत होती आणि एका मुलीने औषधाच्या अर्ध-आयुष्याचा, म्हणजे ते रक्तात निम्मं व्हायला किती वेळ लागतो याचा, हिशेब फळ्यावर मांडला. सिस्टर बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी बरोबर करत होते." आठ वर्षं बरोबर करत असलेल्या बाईला ते बरोबर आहे हे कळायला पदवीला यावं लागलं, याचा मला त्या दिवशी आनंदही झाला आणि लाजही वाटली.

पहिल्या वर्षी तिला ५२ टक्के पडले. पास झाली म्हणून सगळे खूश. आणि इथे मी एक साधी गोष्ट सांगायला विसरले. एम.एस्सी. नर्सिंगला पदवीत एकूण ५५ टक्के लागतात आणि पोस्ट बेसिकच्या आधी किंवा नंतर एक वर्षाचा अनुभव. अनुभव तिच्याकडे भरपूर होता. गुणांची अट तिला दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर कुण्या भलत्याच मैत्रिणीकडून कळली. मानसिक आरोग्य, सामुदायिक आरोग्य, शिक्षण, प्रशासन, संशोधन व संख्याशास्त्र या दुसऱ्या वर्षाच्या विषयांवर तिने जीव तोडून अभ्यास केला आणि एकूण गुण ५६ च्या थोडे वर गेले. थोडक्यात निभावलं. पोस्ट बेसिकला प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकीला पहिल्या दिवशी हा आकडा मी आता फळ्यावर लिहून देते.

इन्चार्ज झाल्यावर

२०१९ मध्ये ती त्याच रुग्णालयात परतली. पगार २१,३००. म्हणजे दोन वर्षं तिथेच राहिली असती तर साधारण तेवढाच झाला असता. पाच महिन्यांनी इन्चार्जची जागा रिकामी झाली. ती चोवीस वर्षांची मुलगी, आता सव्वीस, आयर्लंडला गेली. सिस्टर इन्चार्ज झाली, पगार २६,०००. पदवीमुळे महिन्याला पाच हजारांच्या आसपास फरक धरला तर गुंतवलेले पैसे वसूल व्हायला दहा वर्षांहून जास्त लागणार. शिकलीस की पगार वाढेल असं सरसकट सांगणाऱ्यांनी हा भागाकार एकदा करून पाहावा.

पैशांपेक्षा दुसरंच काहीतरी बिघडलं. इन्चार्जचा दिवस म्हणजे ड्युटी चार्ट, इंडेंट म्हणजे सामानाची मागणी, चादरी-कपड्यांचा हिशेब, ऑडिटच्या फायली, नातेवाइकांच्या तक्रारी आणि कुणी अचानक गैरहजर राहिलं की फोनाफोनी. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषात अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका धरली आहे. तिच्याकडे बारा बेडला कधी सहा, कधी पाच. ते गणित रोज सकाळी तिलाच जुळवायचं. ती मला म्हणाली, "मॅडम, पंधरा दिवसांत मी एकाही पेशंटला हात लावला नाही."

मग ९ मार्च २०२० ला राज्यातले पहिले कोविड रुग्ण पुण्यातच सापडले आणि पुढची दीड वर्षं कुणाला टेबलाशी बसायला वेळच नव्हता. ती पुन्हा बेडजवळ. पीपीई घालून सहा-सहा तास पेशंट पालथे करणं, मान दर दोन तासांनी वळवणं, तोंडातली नळी सांभाळणं. त्या काळाबद्दल ती फार बोलत नाही. एक गोष्ट मात्र तिने केली. एका शाळकरी वहीत ती नोंदी ठेवायला लागली, कुणाच्या गालावर, कपाळावर, नाकाच्या दांडीवर कितव्या दिवशी व्रण दिसला, मास्क कुठला होता, पट्टा किती घट्ट होता. कुणी सांगितलं नव्हतं. पोस्ट बेसिकमधला संशोधनाचा विषय सगळ्यात कंटाळवाणा वाटला होता असं तीच मला म्हणाली होती.

एम.एस्सी. की नर्स प्रॅक्टिशनर

२०२२ मध्ये ती दुसऱ्यांदा माझ्याकडे आली ती ही वही घेऊन. वय ३६, पगार ३१,०००.

या वेळी पर्याय दोनच. एक, एम.एस्सी. नर्सिंग, दोन वर्षं. पाच मुख्य शाखा आहेत. मेडिकल-सर्जिकल, माता आरोग्य, बालआरोग्य, मानसिक आरोग्य, सामुदायिक आरोग्य. मेडिकल-सर्जिकलमध्ये पुढे हृदयरोग, कर्करोग, न्यूरो, अतिदक्षता अशा उपशाखा. दुसरा पर्याय नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर. भारतीय परिचर्या परिषदेने हा पदव्युत्तर अभ्यासक्रम २०१६-१७ च्या सुमारास आणला. तोही दोन वर्षांचा, पण रेसिडेन्सीच्या धर्तीवर, बहुतांश शिक्षण प्रत्यक्ष बेडजवळ. ठरलेल्या प्रोटोकॉलमध्ये राहून रुग्णाचं मूल्यमापन करायचं, निर्णय घ्यायचे. वाचताना वाटतं की हिच्यासाठीच बनवला आहे.

तिने पुण्यातल्या पाच रुग्णालयांत फोन केले. नर्सिंग ऑफिसला एकच प्रश्न, हे केलं तर तुमच्याकडे या नावाचं पद आहे का? तीन ठिकाणी हा अभ्यासक्रम काय ते तिलाच समजावून सांगावं लागलं. दोन ठिकाणी माहीत होता, पद नव्हतं. मी म्हटलं, पद नाही तर पदवी घेऊन पुन्हा स्टाफ नर्सच्या यादीत बसशील. २०२३ च्या ऑगस्टमध्ये १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा झाला. त्यामुळे पुढे हे चित्र बदलू शकतं, पण २०२२ मध्ये तिला निर्णय घ्यायचा होता. तिने एम.एस्सी. घेतलं, मेडिकल-सर्जिकल, अतिदक्षता. तो सल्ला मी आजही चुकीचा मानत नाही. आवडता मात्र मानत नाही.

प्रबंधाच्या विषयावर आमचं भांडण झालं. नर्सिंगच्या एम.एस्सी.चे प्रबंध ज्यांनी चाळले आहेत त्यांना तो साचा माहीत आहे. 'निवडक रुग्णालयांतील परिचारिकांच्या अमुक विषयावरील ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता.' आधी एक प्रश्नावली, मग पाऊण तासाचं भाषण, आठवड्याने तीच प्रश्नावली. गुण वाढतात. वाढणारच, उत्तरं आपणच सांगितलेली असतात. मी तिची सहमार्गदर्शक होते आणि मी तिला हाच साचा सुचवला. वेळेत होतं, नमुना सहज मिळतो, एथिक्स कमिटी अडवत नाही. ती म्हणाली, "मॅडम, सिस्टरला माहीत असतं हो. करायला वेळ नसतो आणि आठवण राहत नाही. तिचं ज्ञान मोजून मी काय करू?"

तिला मास्कमुळे नाकाच्या दांडीवर होणारे व्रण मोजायचे होते. एनआयव्हीवरच्या, म्हणजे घशात नळी न घालता घट्ट मास्कमधून श्वासाला आधार दिलेल्या, रुग्णाचा मास्क ठरलेल्या वेळी उचलून कातडी पाहणं, पट्ट्याखाली दोन बोटं जातात का ते तपासणं, दांडीवर आधीच हायड्रोकोलॉइडची (कातडी जपणारी मऊ) पट्टी लावणं, अशा सहा गोष्टींची तपासणी-यादी बेडच्या पायथ्याला लटकवायची आणि व्रण किती जणांना, कितव्या दिवशी येतात ते पाहायचं. एवढं साधं. परवानग्यांना चार महिने गेले, नमुना ठरवल्यापेक्षा छोटा राहिला, आणि तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी त्यावरून तिला बराच वेळ धरलं. फरक दिसला, पण नमुना लहान असल्याने त्यावर मोठं काही बोलता येणार नाही, असं तिने स्वतःच निष्कर्षात लिहिलं होतं. आमच्याकडच्या प्रबंधात हे वाक्य दुर्मीळ आहे. तपासणी-यादी त्या आयसीयूत अजून लटकते आहे.

या वेळचा हिशेबही तिने मांडला होता. दोन वर्षांचा पगार ७,४४,०००, फी २,४०,०००, एकूण ९,८४,०००. या वेळी वहीत रेघा मारलेल्या नव्हत्या.

पत्रातली ओळ

२०२४ मध्ये पास झाल्यावर दोन ठिकाणांहून विचारणा आली. एक कॉलेज, ट्यूटर म्हणून, २८,०००. सोडलेल्या नोकरीपेक्षा कमी. तिथे पुढे सहायक प्राध्यापक व्हायचं तर शिकवण्याची वर्षं मोजली जातात. वॉर्डातली अकरा वर्षं त्यात धरत नाहीत. बेडजवळ शिकवलेल्या शेकडो मुलींचाही कुठे हिशेब नाही. दुसरी विचारणा तिच्याच रुग्णालयातून, नर्स एज्युकेटर, ४२,०००. जुन्या पगारापेक्षा अकरा हजार जास्त. नऊ लाख चौऱ्याऐंशी हजारांना अकरा हजारांनी भागलं तर नव्वद महिने येतात, साडेसात वर्षं. मधल्या पगारवाढी धरल्या तर आणखी लांबेल.

तिने रुग्णालयाला होकार दिला, पण एक अट घातली. आठवड्यातले दोन दिवस आयसीयूच्या फ्लोअरवर, पेशंट असाइनमेंट घेऊन. बाकीचे चार दिवस प्रशिक्षण. नर्सिंग सुपरिटेंडेंट म्हणाल्या, एम.एस्सी. झालेली बाई बेडसाइड कशाला मागते? एचआरला वाटलं, काहीतरी पगाराची चाल आहे. दोन महिने फाइल फिरली. शेवटी नेमणूकपत्रात ओळ आली, 'आठवड्यातून दोन दिवस, गरजेनुसार, क्लिनिकल ड्युटी.' ती पत्र घेऊन माझ्याकडे आली आणि 'गरजेनुसार' या शब्दावर बोट ठेवून म्हणाली, "हा शब्द मी घातला नव्हता."

तेव्हा मला २०१७ मधलं तिचं वाक्य पुन्हा ऐकू आलं. इन्चार्ज व्हायचं नव्हतंच तिला. तिने सात वर्षं आणि सोळा लाख रुपये घालवून जी गोष्ट मिळवली ती तिच्याकडे पहिल्यापासून होती, आणि आता ती दोन दिवसांपुरती, एका शब्दाच्या मेहेरबानीवर होती.

पहिल्या तीन महिन्यांत सव्वीस दिवस फ्लोअरवर जायला हवे होते. ऑडिट आलं, नव्या भरतीचं इंडक्शन आलं, एका आठवड्यात कुणी पाहुणे आले. तिने त्याच शाळकरी वहीच्या मागच्या पानावर रोजची नोंद ठेवली. गेल्या महिन्यात ती वही घेऊन सुपरिटेंडेंट मॅडमच्या केबिनमध्ये गेली. पानावर सव्वीस चौकटी आखल्या होत्या, पंधरा भरलेल्या, अकरा रिकाम्या, आणि प्रत्येक रिकाम्या चौकटीत त्या दिवशी तिला कुठे बसवलं होतं ते लिहिलेलं. मॅडमनी पान उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "याची झेरॉक्स दे."